पगारपत्रकातील दोनशे रुपये आणि बेकारीचे राजकारण

नोकरदार वाचकाने आपले पगारपत्रक कधी सावकाश वाचले असेल, तर कपातीच्या रकान्यात 'व्यवसाय कर' ही नोंद त्याच्या नजरेस आली असेल. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाकाठी २,५००. (दरमहा २५ हजारांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना २०२३ पासून यातून सूट मिळाली.) भविष्यनिर्वाह निधी आणि प्राप्तिकर यांच्या शेजारी ही रक्कम इतकी किरकोळ दिसते की, ती कशासाठी कापली जाते हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. प्राध्यापकांच्या खोलीत हा प्रश्न मी टाकून पाहिला आहे. 'नगरपालिकेचा असावा' यापलीकडे उत्तर क्वचित येते. वस्तुतः हा कर १९७५ साली एका निश्चित कारणासाठी बसविण्यात आला. खेड्यातील ज्या माणसाच्या हाताला काम नाही त्याला काम देण्याची जबाबदारी राज्याने घ्यावी आणि तिचा खर्च ज्यांना नियमित पगार मिळतो त्यांनी उचलावा, हे ते कारण. बेकारीवर राज्यकर्त्यांनी आजवर जे नाना उपाय केले, त्यांत हा सौदा आगळा होता. असा सौदा राज्यकर्ते पुन्हा सहसा का करीत नाहीत, हा प्रश्न त्यामुळे विचारात घेण्याजोगा ठरतो.

बेकारी वाढली की सत्ता जाते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तिला आधार म्हणून हमखास अमेरिकेचे उदाहरण दिले जाते. १९३२ साली तेथील कामगारांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा बेकार होता आणि अध्यक्ष हूवर पराभूत झाले. हे खरेच; परंतु १९३६ साली रूझवेल्ट प्रचंड बहुमताने पुन्हा निवडून आले तेव्हाही बेकारी काही नाहीशी झालेली नव्हती. पुढचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९८० साली कार्टर हरले तेव्हा अमेरिकेतील बेकारीचे प्रमाण साडेसात टक्क्यांच्या आसपास होते. १९८४ साली रेगन ५० पैकी ४९ राज्ये जिंकून आले तेव्हाही ते सात टक्क्यांच्या वरच होते. आकडा जवळपास तोच. फरक एवढाच की, कार्टर यांच्या वेळी तो चढत आला होता, तर रेगन यांच्या वेळी १९८२ अखेरच्या १०.८ टक्क्यांवरून तो उतरत होता. मतदार आकडा पाहत नाही, वाऱ्याची दिशा पाहतो.

आपल्याकडे तर आकडाच पाहू न देण्याचा प्रयोग झालेला आहे. २०१७-१८ च्या श्रमबल पाहणीत बेकारीचे प्रमाण ६.१ टक्के निघाले. जानेवारी २०१९ मध्ये ही गोष्ट वृत्तपत्रांतून फुटली आणि अहवाल रोखून धरल्याच्या निषेधार्थ राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. अहवाल अधिकृतपणे प्रसिद्ध झाला तो ३१ मे २०१९ रोजी, म्हणजे नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. मधल्या काळात निवडणूक होऊन सत्ताधारी पक्षाला ३०३ जागा मिळाल्या होत्या. बेकारीच्या भीतीने राज्यकर्ते रात्र रात्र जागतात असे ज्यांना वाटते, त्यांनी हा क्रम ध्यानात ठेवावा.

मग राज्यकर्त्याची कसोटी लागते कोठे? माझ्या मते ती उपायाच्या आकारापेक्षा त्याच्या स्वरूपात लागते. काम 'दिले' जाते की काम 'मागता' येते, हा खरा भेद होय. दिलेल्या कामाचे श्रेय देणाऱ्याला मिळते. ते केव्हा सुरू करावे, कोठे करावे, निवडणुकीनंतर केव्हा आवरते घ्यावे, हे त्याच्या हाती राहते. मागता येणारे काम मात्र राज्यकर्त्याच्या डोक्यावरचे कायमचे कर्ज असते. रूझवेल्ट यांनी १९३५ पासून लक्षावधी माणसांना सार्वजनिक कामांवर लावले, ती योजना १९४३ मध्ये गुंडाळली गेली. पुढे १९४५ साली तेथील सिनेटमध्ये आलेल्या विधेयकात काम करू इच्छिणाऱ्याचा कामावर 'हक्क' आहे, असे शब्द होते. फेब्रुवारी १९४६ मध्ये ट्रूमन यांनी सही केली त्या कायद्यात तो शब्द उरला नव्हता. जगातील सर्वांत श्रीमंत देशाला जे परवडणारे वाटले नाही, ते महाराष्ट्रासारख्या राज्याने दुष्काळाच्या खाईत असताना मान्य केले, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत असावी तितकी ठळक नाही.

१९७२ च्या दुष्काळाची आठवण जुन्या माणसांकडून ऐकलेली नाही असा वाचक विरळा. खडी फोडण्याची कामे, पाझर तलाव, नालाबांध, अमेरिकेहून आलेला लाल मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या जवळ पोचली होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आसपास. म्हणजे दहातला एक जण रस्त्यावर खडी फोडीत होता. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, विदर्भातल्या पुसदचे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात १९६५ च्या सुमारास कामाच्या हमीचा लहानसा प्रयोग करून पाहिला होता. ही कल्पना सरकारने १९७२ साली योजना म्हणून स्वीकारली. दुष्काळ ओसरल्यावर ती पुन्हा हाती घेण्यात आली आणि तिच्यासाठी व्यवसाय कर बसला. गोळा होईल तेवढीच भर सरकारने आपल्याकडून घालायची, असे ठरले.

हे सगळे एखाद्या सज्जनाच्या अंतःकरणातून उतरले असे समजणे भाबडेपणाचे होईल. दुष्काळी कामांवर मजुरांचे मोर्चे निघत होते, संप होत होते, डाव्या व समाजवादी पक्षांचे कार्यकर्ते तालुक्याच्या कचेऱ्यांना घेराव घालीत होते. दुसरीकडे, खेडी ओस पडून माणसांचे लोंढे मुंबईच्या फुटपाथवर येतील, ही शहरांना धास्ती होती. शहरी पगारदाराने कर निमूटपणे दिला यामागे ही धास्तीही असणार. पण उद्देश काहीही असो, परिणाम पाहावा. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचे विधेयक एकमताने संमत केले. राष्ट्रपतींची संमती मिळून २६ जानेवारी १९७९ रोजी कायदा अमलात आला तेव्हा नाईकांना मुख्यमंत्रिपदावरून जाऊन चार वर्षे होत आली होती. शंकरराव चव्हाण आणि वसंतदादा पाटील यांच्या कारकिर्दी मध्ये होऊन गेल्या होत्या आणि शरद पवारांचे पुलोद सरकार सत्तेवर होते. ज्याने जुगार मांडला त्याला डाव घेता आला नाही. निवडणुकीच्या हिशेबाने पाहिले तर हा शुद्ध घाट्याचा व्यवहार होय, आणि राज्यकर्ते हिशेबाला पक्के असतात.

कायद्याची भाषा सरळ होती. ग्रामीण भागातील कोणत्याही प्रौढ व्यक्तीने काम मागावे, १५ दिवसांत ते द्यावे, न दिल्यास बेकारभत्ता द्यावा. भत्ता सुरुवातीस अवघा १ रुपया रोज होता, हे खरे. स्त्री-पुरुषांना एकाच दराने मजुरी होती आणि कामावर स्त्रियांची गर्दी होती. दिवसांची मर्यादा नव्हती. आता असा हक्क रद्द करणे कोणत्याही सरकारला अवघड. त्यासाठी विधिमंडळात उभे राहून कारण सांगावे लागते. म्हणून तो रद्द केला जात नाही, त्याला भूक लावली जाते. १९८८ साली किमान वेतन जवळजवळ दुप्पट झाले, तेव्हा योजनेवरील मजुरीही वाढवणे भाग पडले; आणि त्यानंतर कामावरील उपस्थिती झपाट्याने घसरली. मजुरी वाढल्यावर कामाला येणारे वाढायला हवेत, हा आमच्या विषयाचा पहिला धडा. येथे उलट घडले. याचा अर्थ काम मागणारे कमी झाले नव्हते, कामे काढली जात नव्हती. पुढे संशोधकांनी आकडेवारीनिशी हेच दाखवून दिले. विहिरी आणि फळबागा यांच्याकडे योजनेचा ओघ १९९० नंतर वळला. त्यात वाईट काही नाही, पण त्याचा मुख्य लाभ जमीन असलेल्याला होतो. व्यवसाय कराची घटनेतील कमाल मर्यादा १९८८ च्या दुरुस्तीने वार्षिक २५० वरून २,५०० झाली. आणि अशीही वर्षे आली की, हमीसाठीच्या करांचे उत्पन्न हमीवरील खर्चाहून जास्त भरू लागले. बेकार तसाच राहिला आणि त्याच्या नावाने पैसा साचला.

हक्क उपाशी कसा मारला जातो हे पाहायचे असेल तर मंत्रालयात जाण्याचे कारण नाही, ग्रामपंचायतीत जावे. काम मागण्याचा अर्ज, ज्याला कार्यकर्ते 'नमुना ४' म्हणून ओळखतात, तो भरून देणे पुरेसे नसते. त्याची तारखेसह पोच मिळावी लागते. पंधरा दिवस मोजायचे ते त्या तारखेपासून. पोच दिली नाही की दिवस सुरूच होत नाहीत, दिवस सुरू झाले नाहीत की भत्ता लागू होत नाही, आणि भत्ता लागू झाला नाही की सरकारदरबारी काम न मिळालेला माणूस अस्तित्वातच नसतो. 'अर्ज ठेवून जा, साहेब आल्यावर बघू' या एका वाक्याने विधिमंडळाचा एकमताचा ठराव निकालात निघतो. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो की, अर्थसंकल्पाचे आकडे जरूर पाठ करा, पण पोचपावतीचे अर्थशास्त्रही शिका.

तरीही हक्काच्या बाजूने एक मोठी गोष्ट सांगता येते: तो राज्यकर्त्याच्या लहरीपलीकडे टिकतो. २००५ साली संसदेने महाराष्ट्राचीच कल्पना वर्षाला १०० दिवसांपुरती, कुटुंबाच्या हिशेबाने, देशाला लागू केली. फेब्रुवारी २०१५ मध्ये पंतप्रधान मोदी यांनी लोकसभेत ती योजना काँग्रेसच्या अपयशाचे स्मारक म्हणून राखून ठेवू, असे उपहासाने सांगितले. पाच वर्षांनी, मे २०२० मध्ये, टाळेबंदीत गावोगाव पायी परतलेल्या मजुरांसाठी त्याच सरकारला त्याच योजनेत ४० हजार कोटी रुपये जादा घालावे लागले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात दिवस १०० चे १२५ झाले. पण बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के वाटा आला, कोणत्या राज्याला किती रक्कम हे केंद्राने ठरवायचे झाले आणि पेरणी-कापणीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामे थांबविण्याची मुभा आली. दिवसांच्या वाढीकडे पाहून समाधान मानणाऱ्यांनी हे दुसरे कलम वाचावे. मागणीनुसार पैसा की पैशानुसार मागणी, हा प्रश्न त्यात दडला आहे आणि महाराष्ट्राने त्याचे उत्तर १९८८ नंतर अनुभवलेले आहे.

सुशिक्षित बेकारांच्या वाट्याला मात्र हक्क कधी आलाच नाही. त्यांच्या वाट्याला मुदतीची योजना येते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी राज्य सरकारने युवकांसाठी कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्यास दरमहा ६ हजार, आयटीआय वा पदविकाधारकास ८ हजार, पदवीधरास १० हजार, आणि मुदत सहा महिने. मुदत संपत आली तशी पुढे काय, म्हणून प्रशिक्षणार्थी विचारू लागले, आणि आणखी पाच महिने वाढवून मिळाले. त्यापुढचे उत्तर योजनेत नव्हते, कारण योजना त्या प्रश्नासाठी आखलेलीच नव्हती. सैन्यभरतीचेही तेच. कामठीसारख्या छावणीच्या गावात पहाटे धावणारी मुले हे नेहमीचे दृश्य. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आल्यापासून ती चार वर्षांच्या नोकरीसाठी धावतात, आणि त्यांतील चौथा हिस्साच पुढे कायम होणार आहे. या मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना काम मागण्याची जागा नाही, म्हणून ती जाहिरातीची वाट पाहतात.

शहरी बेकाराला हमी द्यावी, असे म्हटले की खर्चाचा प्रश्न निघतो. तो रास्त आहे. पण त्याआधी राजकीय अनुभव काय सांगतो तेही पाहिले पाहिजे. राजस्थानात गेहलोत सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये शहरांसाठी १०० दिवसांच्या कामाची योजना सुरू केली, पुढच्या वर्षी किमान उत्पन्नाच्या हमीचा कायदाही केला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ते सरकार हरले. पराभवाची कारणे अनेक असतील. परंतु इतर राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी त्यातून कोणता बोध घेतला असेल, हे सांगायला नको. थेट खात्यात जमा होणारी रक्कम मतदाराच्या लक्षात राहते, हमीचा कायदा राहत नाही. म्हणूनच राज्यकर्त्यांच्या सुबुद्धीवर भिस्त ठेवून हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. १९७३ साली तो मोर्च्यांमुळे सुटू लागला होता.

कामठीला तर संघटनेचा वारसाही आहे. येथलेच बाबू हरदास यांनी बिडी कामगारांची संघटना बांधली, १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात गेले आणि जानेवारी १९३९ मध्ये अवघ्या पस्तिसाव्या वर्षी निधन पावले. बिडीचा धंदा आता ओसरला आहे, हातमाग त्याहून अधिक. जी बाई अजूनही सट्टेदाराकडून पाने-तंबाखू आणून घरी हजारावर बिड्या वळते, ती सरकारी पाहणीच्या लेखी बेकार नाही; आठवड्यात एक तास काम केले तरी त्या आठवड्यापुरता माणूस कामावर धरला जातो. पाने मिळाली नाहीत त्या दिवशी ती काय असते, याला आमच्या शास्त्रात शब्द नाही. चार-सहा किलोमीटरवरच्या खेड्यात ती राहत असती, तर निदान कागदोपत्री काम मागू शकली असती. नगरपरिषदेत तिला जन्माचा दाखला मागता येतो, घरपट्टी भरता येते, नळजोडणीसाठी अर्ज करता येतो. कामाची मागणी नोंदवून घेणारा अर्ज तेथे छापलेलाच नाही.