कोर्टाची तारीख, कायद्याचे कलम

दावा, वकील, तारीख! कोर्टाचे हे शब्द तुम्हांला उर्दूतूनही ओळखीचे आहेत. पूर्वी नुसती तारीख विचारायला लोक गावाहून नाशिकच्या कोर्टात खेटे घालत. आता दाव्याचा सीएनआर क्रमांक (अक्षरे व अंक मिळून 16) 'ई-कोर्ट्स' या संकेतस्थळावर टाकला, की ती घरबसल्या मोफत कळते. मूळ कायदे 'इंडिया कोड'वर वाचता येतात. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल 2023 पासून 'ई-एससीआर'वर आहेत. काहींचे मराठी व उर्दू अनुवादही मिळतात.

पण जुन्या पुस्तकावर विसंबू नका. 1 जुलै 2024 रोजी 1860 ची भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. चोरीच्या शिक्षेचे कलम 379 होते, ते आता 303 झाले. त्या दिवसाआधीच्या गुन्ह्याला मात्र जुनेच कलम लागते. म्हणून आधी घटना कधीची, ते पाहा.