टपालाचे टप्पे
पेशवाईत सरकारी पत्रे जासूद आणि सांडणीस्वार नेत, सावकारांची पत्रे त्यांचे स्वतःचे कासीद नेत. सामान्य माणसाचे पत्र कोणी ओळखीचा त्या गावी निघाला तरच जायचे. कंपनी सरकारची टपालव्यवस्था सर्वांना खुली झाली ती 1774 मध्ये, वॉरन हेस्टिंग्जच्या काळात. दर होता शंभर मैलांना दोन आणे.

या व्यवस्थेचा कणा होता हरकारा. खांद्यावर थैली, हातात घुंगुरकाठी. सहा-आठ मैल धावले की त्याची पाळी संपे आणि थैली पुढच्या गड्याच्या खांद्यावर जाई. माणूस थकला तरी टपाल थांबत नसे. घुंगरांच्या आवाजाने साप-श्वापदे दूर राहत आणि पुढच्या चौकीवरचा गडी तयार होई. रानातल्या वाटेवर रात्री मशालजी सोबतीला असे.

1 ऑक्टोबर 1854 पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला देशभर अर्धा आणा हा एकच दर लागू झाला. त्याआधी अंतर वाढेल तसा खर्च वाढे. टपाल खऱ्या अर्थाने लोकांचे झाले ते वेगाने नव्हे, तर या स्वस्ताईने.

वेग आणला रेल्वेने. 1853 मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली, 1863 मध्ये बोरघाटातही रूळ पोहोचले. त्याच वर्षी अलाहाबाद-कानपूर मार्गावर धावत्या डब्यात पत्रांची छाननी सुरू झाली. थैली मुक्कामी उघडण्याऐवजी वाटेतच पत्रे गावोगावची होऊ लागली, हा त्यातला मोठा फायदा. घाटमाथ्यावरच्या आणि आडवाटेच्या गावांना मात्र हरकारा पुढेही बरीच वर्षे लागलाच.

विमानाची सुरुवात हौसेची होती. 18 फेब्रुवारी 1911 रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रे नेली. टाटांची नियमित सेवा 15 ऑक्टोबर 1932 ला सुरू झाली. जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. अहमदाबादेत त्यांच्या विमानाचे इंधन बैलगाडीतून आले होते!

1949 मध्ये हरकाऱ्यांचीच युक्ती आकाशात वापरली गेली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमत, आपसांत थैल्या बदलत आणि पहाटे आपापल्या शहरी परतत. नागपूर साधारण मध्यावर असल्यामुळे हा मेळ जमला.

पत्रे वाढली तशी एकाच नावाच्या गावांनी आणि वेगवेगळ्या लिप्यांतल्या पत्त्यांनी छाननीत घोळ होऊ लागला. त्यावर श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी सहा अंकी पिनकोड आखला. तो 15 ऑगस्ट 1972 रोजी अमलात आला. पहिल्या तीन अंकांवरून छाननीचा जिल्हा कळतो, शेवटच्या तिनांवरून वाटप करणारे कार्यालय. महाराष्ट्र आणि गोव्याचे क्रमांक 4 ने सुरू होतात, लष्कराचे 9 ने.