जुन्या रायफलींचा भाव ठरवताना

पेनसिल्व्हेनियातल्या एका गावात, सैन्याने मोडीत काढलेल्या रायफलींच्या दुकानात मी किंमत ठरवण्याचं काम करतो. आमचा शनिवार साधारण असा जातो.

सकाळी ८.००
आधी आवक-जावक वही. बनवणारा, मॉडेल, नंबर, बोअर यांपैकी एकही रकाना रिकामा राहिला, तर परवान्यावर गदा येते. अमेरिकी कायद्यात ५० वर्षांवरच्या रायफली 'क्युरिओ अँड रेलिक'मध्ये मोडतात आणि संग्राहकाला त्यासाठी वेगळा परवाना मिळतो. १८९८ किंवा त्याआधीची बंदूक पुराणवस्तू ठरते, तिला केंद्रीय कायद्याची बहुतेक बंधनं लागू नाहीत. त्यामुळे माझी नजर आधी सालावर जाते.

९.३०
एक तरुण आजोबांची जपानी अरिसाका घेऊन येतो. मी भिंग लावतो ते कोठीच्या, म्हणजे रिसीव्हरच्या, माथ्यावर. तिथे सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल असतं, ती सम्राटाची खूण. शरणागतीनंतर ताब्यात दिलेल्या बहुतेक रायफलींवरची फुलं घासून टाकली होती. हिच्यावरचं शाबूत आहे, म्हणजे भाव चढा. "आजोबांनी लढाईतून आणली," तो सांगतो. सोबत तेव्हाचं सही-शिक्क्याचं पत्र असेल, तर ते कामाचं. नुसत्या आठवणीला गिऱ्हाईक पैसे मोजत नाही.

११.००
जर्मन के-९८ के. बोल्ट, कोठी, नळी, खालची पट्टी, सगळीकडचे नंबर जुळवून बघायचे. युद्धानंतर रशियनांनी पकडलेल्या रायफली खोलल्या, तेल-पाणी करून हाताला येईल तो भाग बसवला आणि बोल्टवर विजेच्या पेन्सिलीने नवा नंबर कोरला. अशा रायफलीचा भाव मूळ जुळणीच्या रायफलीच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणूनच नंबर पाडणारे ठग आहेत. नव्या ठोक्याच्या कडेचा धातू भिंगाखाली उसळलेला दिसतो आणि पितळ उघडं पडतं.

दुपारी १.००
डबा उघडतो, तोवर रशियन मोसिन-नागांत रायफल मागणारा हजर. सोव्हिएत संघ कोसळल्यावर या रायफली ग्रीस फासून पेट्यांत भरलेल्या आल्या आणि शंभर डॉलरच्या आत मिळत होत्या. आता कित्येक शेकडे मोजावे लागतात. एकेकाळी तर टपालानेही बंदूक येत असे: १९६३मध्ये केनेडींच्या हत्येत वापरलेली इटालियन कार्कानो दुर्बिणीसकट १९.९५ डॉलरला मागवली होती. त्यानंतर १९६८च्या कायद्याने टपालाची विक्री आणि लष्करी मालाची आयात आवळली. १९८०च्या दशकात आयातीची दारं थोडी किलकिली झाली.

३.००
इशापूर २ए१. चीन युद्धानंतर इशापूरच्या कारखान्याने एनफिल्डच्या घडणीवर, पण अधिक मजबूत पोलादात, ७.६२ मिमीसाठी ती बनवली. मराठी वाचकाने तिची थोरली बहीण 'थ्री नॉट थ्री' पोलिसांच्या खांद्यावर पाहिलेली असते. कोठीच्या मागच्या कड्यावर 'आर.एफ.आय.' आणि साल, शेजारी चौकोनी मॅगझिन. नळीवर आयातदाराचं नावही असतं आणि ते नसलेली प्रत संग्राहक अधिक पैशाला घेतो. पूर्वी हिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हतं. बोल्टवर चालणाऱ्या लष्करी रायफलींच्या अगदी शेवटच्या पिढीतली ती आहे, हे ध्यानात आल्यावर मागणी वाढली.

४.३०
स्विस के-३१ आली की दस्त्याच्या टोकाच्या पट्टीचे दोन स्क्रू मी आधी काढतो. आत घडी घातलेली चिठ्ठी सापडली, तर तिच्यावर सैनिकाचं नाव, तुकडी आणि जन्मसाल असतं. चिठ्ठी वाचून होती तिथेच परत ठेवायची. ती हरवली, तर रायफलीची किंमतही उतरते.

५.३०
शेवटचं गिऱ्हाईक गॅरंड पुढे करतं. १९३६मध्ये अमेरिकी सैन्याने स्वीकारलेली, लाखोंनी बनलेली रायफल. "मीच चमकवली," तो म्हणतो. सॅंडपेपर मारून त्यावर वॉर्निशचे हात दिलेले. लाकडावरची तपासनिसाची मोहोर, जिला संग्राहक पैसे देतो, ती पार गेलेली. गोळी अजूनही नीट लागेल, पण मी नवीन लाकूड बसवलेल्या रायफलीचाच भाव सांगतो. तो हिरमुसतो.

जुना माल हाती आला, तर तो झाडू-पुसू नका, आधी जाणकाराला दाखवा. गंज थांबवायला तेलाचा एक हलका हात पुरतो. बाकी डाग, ओरखडे आणि ठसे तसेच ठेवा, पैसे त्यांचेच मिळतात.