डावा 30, उजवा 26

मिरजोळ्यातल्या एका घराच्या पडवीत, दोन पाटांवर गोधडी पसरून, दोन मीटर पंखांचं विमान उलटं ठेवलंय. बाल्साचं लाकूड घरीच कापून, चिकटवून बांधलेलं. बांधणारी मुलगी इंजिनिअरिंगला आहे. शेजारी तिचा मामा, एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला फिटर, गुण्या घेऊन बसलाय.

ती रिमोटचं बटण दाबते. पंखांच्या मागच्या कडेचे दोन्ही फ्लॅप हलतात. विमान उलटं असल्यामुळे खाली झुकायचे ते वर उठतात. मामा गुण्या टेकवून वाचतो, "डावा 30 मिलिमीटर. उजवा 26."

तिचा चेहरा उतरतो. फ्लॅपची रुंदी 60 मिलिमीटर. कड 30 मिलिमीटर हलली की कोन बरोबर 30 अंश. उजवीकडे तो चार अंशांनी कमी भरतोय. फ्लॅप झुकला की पंखाचा बाक वाढतो, उचल वाढते आणि विमान कमी वेगातही तरंगतं. पण डावीकडेच उचल जास्त झाली, तर विमान उजवीकडे कलंडतं. तेही उतरताना, सावरायला उंची उरलेली नसताना.

"रिमोटमधूनच उजव्याची हालचाल वाढवते," ती म्हणते.

"थांब बाय. आधी काडी बघ, मग रिमोट."

फ्लॅप ढकलणारी काडी उजव्या सर्व्होच्या, म्हणजे छोट्या मोटरच्या, दांडीवर एक भोक आत अडकलीय. जितकी आत, तितका फ्लॅप कमी हलणार. ती काडीच्या टोकाची पकड, क्लेविस, सोडवून बाहेरच्या भोकात घालते, आटे फिरवून बंद फ्लॅपची कड पंखाशी जुळवते. पुन्हा बटण. 31. जास्तीचा एक मिलिमीटर ती रिमोटमधून कमी करते आणि सर्व्होला कान लावते. अडकल्याची गुणगुण नाही. अर्ध्या झुकावाला, 15 अंशांवर, दोन्हीकडे साडेपंधरा मिलिमीटर.

पडवीच्या भिंतीवर वैमानिक अमोल यादव यांच्या विमानाचं कात्रण आहे. कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं ते सहा आसनी विमान 2016 मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात होतं. 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली. माणसं नेणाऱ्या विमानातही दोन्ही बाजूंचे कोन असेच मोजून जुळवावे लागतात. घरी बांधलेल्या विमानामागे कारखान्याची तपासणी उभी नसते. बांधणाऱ्याने स्वतः घेतलेलं माप हीच त्याची पहिली हमी, म्हणून या चार मिलिमीटरांवर सकाळ खर्ची पडतेय याचं मला मोल वाटतं.

विमानतळ जवळ असल्याने इथे उडवायचं नाही. परवानगी काढून लांबच्या माळावर न्यायचंय.

मामा क्लेविसवर रबरी कडी सरकवतो. "आता भरपूर वेळा उघडझाप कर, मग परत मोजू."

ती बटण दाबत राहते. मामा पुन्हा गुण्या टेकवतो. 30. 30. ती आकडे वहीत उतरवते.

"फ्लॅप झुकले की नाक वर जाईल, मामा. ते रोखायला आता शेपटीचा एलिव्हेटर."