‘क्षुधानाश’ : एका संज्ञेची परीक्षा

एखाद्या व्याधीला दिलेले नाव पुष्कळदा तिच्या कारणाविषयीचे अनुमानही सोबत घेऊन येते. नाव रूढ होते आणि अनुमान मात्र तपासावयाचे राहून जाते. ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ ही संज्ञा याचे ठळक उदाहरण होय. या व्याधीचा रोगी वजन वाढण्याच्या तीव्र भयाने अन्न कमी करीत जातो आणि शरीर अस्थिपंजर झाले तरी स्वतःस स्थूलच समजतो. रोग्यांत तरुण मुलींचे प्रमाण अधिक असते.

इंग्लंडमधील वैद्य विल्यम गल यांनी १८६८ साली या अवस्थेस ‘अपेप्सिया हिस्टेरिका’ म्हटले होते. ‘अपेप्सिया’ म्हणजे अपचन. परंतु असे रोगी जे काही खातात ते त्यांना पचते, हे ध्यानी आल्यावर त्यांनी १८७३ साली ‘अ‍ॅनोरेक्सिया’ हा शब्द स्वीकारला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लासेग यांनीही तोच शब्द योजिला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘भुकेचा अभाव’ असा आहे. अशा रीतीने एक चूक दुरुस्त झाली, पण तिच्या जागी दुसरी आली.

ही दुसरी चूक कोणती, ते अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात झालेल्या एका प्रयोगाच्या प्रकाशात स्पष्ट दिसते. युद्धोत्तर काळात उपासमारीने खंगलेल्या जनतेस पुन्हा कसे पोसावे, हे जाणण्यासाठी अ‍ॅन्सेल कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये तो आरंभिला. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून लष्करी सेवा नाकारलेले ३६ निरोगी तरुण त्यासाठी स्वेच्छेने पुढे आले. बारा आठवड्यांच्या पूर्वनिरीक्षणानंतर चोवीस आठवडे त्यांचा आहार जवळजवळ निम्म्यावर आणण्यात आला. शिवाय दर आठवड्यास २२ मैल चालणे आवश्यक होते. त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांशाने घटले व मूलभूत चयापचय सुमारे ४० टक्क्यांनी मंदावले.

मानसिक परिणाम अधिक बोधप्रद ठरले. हे तरुण उदास, चिडखोर व एकलकोंडे झाले. अन्नाखेरीज अन्य विषयांत त्यांना रस उरेना. काहीजण पाककृतींची पुस्तके जमवू लागले; कित्येक जण लहानसे जेवण तासन्‌तास लांबवीत, ताटेही चाटीत. पुढे आहार वाढविल्यावर पोट भरूनही अनेकांची भूक शमेना. ही निरीक्षणे १९५० साली ‘द बायॉलॉजी ऑफ ह्यूमन स्टार्व्हेशन’ या द्विखंडात्मक ग्रंथात प्रसिद्ध झाली.

अन्नाचा अखंड ध्यास, खाण्याचे विचित्र विधी, औदासीन्य ही लक्षणे उपर्युक्त रोग्यांतही आढळतात. ती सर्वस्वी रोग्याच्या मूळ स्वभावातून उद्भवतात असे मानण्याचे कारण उरत नाही. त्यांपैकी बरीचशी उपासमारीचाच परिणाम असू शकतात. म्हणूनच उपचारात वजन पूर्ववत् करण्यास अग्रस्थान मिळाले आहे. तथापि या अनुमानास मर्यादा आहे. प्रयोगातील तरुणांना वजनवाढीचे भय नव्हते. तेव्हा अन्नत्यागाला आरंभ का होतो, या प्रश्नाचे उत्तर या प्रयोगात मिळत नाही.

मराठी वाक्प्रचार या संदर्भात विचारार्ह आहेत. ‘भूक मरणे’, ‘अन्नावरची वासना उडणे’ आणि ‘अन्न वर्ज्य करणे’ या तीन भिन्न अवस्था होत. पहिल्या दोहोंत इच्छा मावळते. तिसरीत इच्छा असूनही निग्रह चालतो. प्रस्तुत व्याधी या तिसरीच्या जवळची आहे. जर्मन भाषेतील ‘मागरझुख्ट’, म्हणजे कृशतेचा ध्यास, हे नाव त्यामुळेच अधिक समर्पक वाटते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदाननिकषांतही भुकेच्या अभावाची अट नाही.

‘क्षुधानाश’ हा शब्दशः अनुवाद स्वीकारल्यास भूक वाढविणारे औषध दिले की काम झाले, किंवा भूक लागली की मूल आपण होऊन जेवेल, असा समज दृढ होतो. मानसिक व्याधींमध्ये जिचे मृत्युप्रमाण सर्वाधिकांपैकी एक आहे, तिच्याविषयी असा समज घातक होय. पारिभाषिक शब्द घडविताना मूळ शब्दाच्या व्युत्पत्तीपेक्षा व्याधीचे प्रत्यक्ष स्वरूप प्रमाण मानणे इष्ट ठरेल.