वजन उतरवायचे तर हजेरी हवी



वजन कमी कसे करावे, हे आता कोणी कोणाला शिकवावे अशी स्थिती राहिलेली नाही. खाणे थोडे आवरावे आणि हिंडणे थोडे वाढवावे, हे पारावरच्या आजोबांपासून शाळेतल्या पोरापर्यंत सर्वांना ठाऊक आहे. पण आपल्याकडे म्हणतातच ना, कळते पण वळत नाही! सोमवारी सकाळी निश्चय होतो. बुधवारी शेजारी बारशाचे पान वाढले जाते. शुक्रवारी 'एवढ्याने काय होते' म्हणून आणखी एक जिलबी ताटात येते, आणि रविवारी त्या निश्चयाची आठवणही उरत नाही. कळणे आणि वळणे यांच्यामध्ये जी दरी आहे, ती ओलांडायला हातातला फोन काही उपयोगी पडेल काय, एवढाच आजचा विषय आहे.

आता कोणी म्हणेल, हे शहरातल्या लोकांचे दुखणे, आमच्या गावाला त्याचे काय? पूर्वी असे म्हणणे शोभत होते. 2019 ते 2021 या काळात देशभर जी कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तिच्यात 15 ते 49 वर्षांच्या शंभर स्त्रियांमागे 24 आणि शंभर पुरुषांमागे 23 जणांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या पाहणीने देशातल्या मधुमेही माणसांचा आकडा 10 कोटी 10 लाख इतका काढला. आपल्या शिवाराकडेच बघा ना. नांगरट ट्रॅक्टर करतो, मळ्यात जायला मोटारसायकल आहे, विहिरीवरची मोटर फोनवरून चालू होते. गुरुजी दिवसभर वर्गात आणि कागदपत्रांत बसलेले. कष्ट कमी झाले, चहा मात्र कमी झाला नाही. एका कपात दोन चमचे साखर आणि दिवसाकाठी पाच कप, असा हिशेब धरला तर 50 ग्रॅम साखर नुसत्या चहातून पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. घरच्या बाईची कथा आणखी निराळी. उरलेसुरले टाकवत नाही म्हणून ते तिच्या पोटात जाते, आणि उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी असतेच.

आपला नंबर यात लागतो की नाही, हे पाहायला शिंप्याची टेप पुरे. बेंबीच्या आसपास, पोट आत न ओढता कंबर मोजावी. पुरुषाची 90 सेंटिमीटर आणि स्त्रीची 80 सेंटिमीटर यांच्या वर गेली, की सावध व्हावे. आणि घाबरूनही जाऊ नये, कारण डोंगर हलवावयाचा नाही. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून अधिक माणसांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष 2002 साली आला. शंभर किलोला सात या हिशेबाने वजन उतरवायचे आणि आठवड्याला 150 मिनिटे चालायचे, एवढेच उद्दिष्ट एका गटाला दिले होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले. म्हणजे 70 किलोच्या माणसाला सुमारे पाच किलोंचा प्रश्न आहे.

पाच किलो! मग ते उतरत का नाहीत? याचे उत्तर आपल्या बचत गटात सापडते. गटातली बाई महिन्याला शंभर रुपये टाकते. ते तिला घरच्या डब्यात टाकता आले नसते काय? आले असते. पण डब्यातले शंभर रुपये चार दिवसांत पाव्हण्यांच्या चहापाण्यात जातात. गटात वही उघडी असते, नाव पुकारले जाते, आणि चारजणी आपल्याकडे पाहत असतात. पैसा तोच, बाईही तीच. बळ येते ते हजेरीचे.

वजनाच्या बाबतीत ही गोष्ट फार पूर्वीच काही बायकांच्या ध्यानात आली. अमेरिकेत 1948 साली एस्थर मान्झ या बाईंनी मिलवॉकी शहरात वजन उतरवणाऱ्यांची एक मंडळी उभी केली. पुढे 1961 साली न्यूयॉर्कच्या जीन निडेच या गृहिणीने वजन उतरवू पाहणाऱ्या मैत्रिणींना दर आठवड्याला आपल्या घरी बोलावण्यास सुरुवात केली. त्यातून 1963 साली एक मोठी संस्था निघाली. डॉक्टरकडचा सल्ला त्यांनाही मिळालेला होता. हवी होती ती आठवड्याला 'कसे चालले आहे?' असे विचारणारी माणसे.

शास्त्रज्ञांनीही हे तपासून पाहिले आहे. 1999 साली अमेरिकेतच 166 लोकांवर एक प्रयोग झाला. काही लोक एकटे आले, काही आपल्याबरोबर तिघा मित्रांना किंवा नातलगांना घेऊन आले. एकट्याने आलेल्या आणि नेहमीचेच उपचार मिळालेल्या शंभरातल्या 76 जणांनी कार्यक्रम पुरा केला. सोबत घेऊन आलेल्या आणि एकमेकांना आधार देण्यास शिकवलेल्या शंभरातल्या 95 जणांनी तो पुरा केला. पुढच्या सहा महिन्यांत उतरलेले वजन संपूर्ण टिकवणारे पहिल्यांत शंभरात 24 होते, तर दुसऱ्यांत 66. फरक केवढा आहे, पाहा!

'पण खावे काय?' हा प्रश्न उरतोच. महाराष्ट्रात त्यावर घरोघर वाद झडले आहेत. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात की, दिवसातून दोनदाच, 55 मिनिटांच्या आत जेवावे आणि रोज 45 मिनिटे चालावे. त्यांची व्याख्याने यूट्यूबवर असंख्य लोकांनी ऐकली आणि त्यातून व्हॉट्सॲपचे ग्रुप निघाले. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर याच्या उलट सांगतात: भूक मारू नका, घरचे, आपल्या मातीतले अन्न वेळच्या वेळी खा. त्यांनी 2018 साली समाजमाध्यमांवरून 12 आठवड्यांचा उपक्रम चालवला; दर आठवड्याला एकच सवय लावायची. दोन्ही वाटांनी गेलेले लोक 'आम्हाला गुण आला' असे सांगतात. मग खरे कोणाचे?

अशाच एका वादाचा छडा लावण्यासाठी अमेरिकेत 811 लोकांना चार वेगवेगळे आहार वाटून दिले आणि दोन वर्षे पाहिले. 2009 साली त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. चारही गटांत सरासरी वजन जवळजवळ सारखेच उतरले होते. वेगळेपणा दिसला तो हजेरीत. ज्याने अधिक बैठकांना हजेरी लावली, त्याचे वजन अधिक उतरले; दर बैठकीमागे सुमारे 200 ग्रॅम. ज्याला गुण येतो तोच उत्साहाने हजर राहतो, हेही खरे आहे. तरी यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. आपल्याला झेपेल, परवडेल आणि डॉक्टरांना मान्य असेल असा कोणताही साधा आहार धरावा, आणि आपली ताकद तो टिकवण्यावर खर्च करावी.

टिकवण्याच्या या कामी फोन उपयोगी पडतो, याचा पुरावा आपल्या देशातलाच आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 537 पुरुषांवर प्रयोग केला. सर्वांना सुरुवातीस सारखाच सल्ला दिला. त्यांतल्या निम्म्या लोकांना त्यानंतर खाण्याची आणि चालण्याची आठवण करून देणारे छोटे संदेश फोनवर नियमाने पाठवले. दोन वर्षांनंतर संदेश न मिळालेल्या शंभरांपैकी 27 जणांना मधुमेह झालेला होता. संदेश मिळालेल्या शंभरांपैकी 18 जणांना. 2013 साली हे प्रसिद्ध झाले. साधा लेखी संदेश एवढे करतो, तर ओळखीच्या माणसाची हाक किती करील?

तेव्हा असा ग्रुप काढावा. पण कसा?

पहिली गोष्ट, तो लहान असावा. सहा ते बारा माणसे पुष्कळ झाली. एकमेकांना ओळखणारी असावीत: एका शाळेतले शिक्षक, एका आळीतल्या बाया, दूध संघावर रोज भेटणारी मंडळी. पाचशे लोकांच्या ग्रुपमध्ये कोण आले नाही हे कळत नाही, आणि तेच तर कळायला हवे.

दुसरी, रोज लिहावयाचे ते वजन नव्हे, काम. 'आज 40 मिनिटे चाललो', 'चहा दोनच घेतला', 'रात्री भाकरी एक कमी केली', एवढे पुरे. ज्याला लिहिता येत नाही त्याने बोलून आवाज पाठवावा, किंवा ॲडमिनने विचारलेल्या प्रश्नावर नुसते बोट टेकवून मत द्यावे. वजन आठवड्यातून एकदाच करावे. ठरलेल्या वारी, सकाळी, उपाशीपोटी, त्याच काट्यावर. शरीरातल्या पाण्यामुळे वजन एका दिवसात किलोभर वरखाली होते, त्यामुळे रोजचा काटा माणसाला उगाच रडवतो. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी चाल चांगली आहे.

तिसरी, हजेरी घेणारा कोणी तरी हवा. दर आठवड्याला पाळीने एकाने मॉनिटर व्हावे. चौथी, ग्रुपवर शुभ सकाळची फुले नकोत, राजकारण नको, विक्री नको, कोणाच्या शरीरावर थट्टा तर मुळीच नको. फोटो टाकण्याची सक्ती नसावी. बायांच्या बाबतीत तर हे कटाक्षाने पाळावे. आणि पाचवी, आठवड्यातून एकदा तरी सगळ्यांनी प्रत्यक्ष भेटून चालावे. फोन हा निरोप्या आहे, पाय तो चालवू शकत नाही.

आता धोक्याचे. जिथे वजनाची चर्चा, तिथे पावडर विकणारा येतोच. 'पंधरा दिवसांत दहा किलो', 'मधुमेह मुळापासून बरा', अशा जाहिराती डावीउजवीकडे फोटो लावून येतात. लठ्ठपणा किंवा मधुमेह बरा करतो म्हणून औषधाची जाहिरात करण्यास आपल्या देशात 1954 सालच्या कायद्यानेच बंदी आहे, हे ध्यानात ठेवावे. सिब्युट्रामिन नावाचे भूक मारणारे औषध हृदयाला घातक ठरल्यामुळे 2011 साली भारतात बंद झाले. तेच औषध परदेशांत 'नैसर्गिक' म्हणवणाऱ्या चूर्णांत आणि गोळ्यांत लपवलेले सापडले आहे. तेव्हा ग्रुपवर कोणी डबा विकू लागला, तर नमस्कार करून त्याला निरोप द्यावा.

याहून मोठा धोका आपल्या चांगुलपणातून येतो. एखाद्याला मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे. ग्रुपवर उपासाची पैज लागते, त्याने जेवण सोडले आणि औषध मात्र घेतले, तर रक्तातली साखर एकाएकी खाली जाते. घाम फुटतो, हात कापतात, माणूस बेशुद्धही पडतो. म्हणून औषध चालू असणाऱ्याने, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाण्याच्या वेळा बदलू नयेत, आणि ग्रुपने कोणाचे औषध सोडवू नये. आणखी एक. काहीही न करता कोणाचे वजन भराभर उतरू लागले, तर ग्रुप त्याचे अभिनंदन करील. अभिनंदन करू नका, दवाखान्यात पाठवा. मधुमेह आणि क्षय दोन्ही अशीच पावले टाकत येतात. तीस वर्षांवरील माणसाचा रक्तदाब आणि साखर गावच्या उपकेंद्रात तपासून मिळते, आशाताईंना विचारावे.

गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. हे ग्रुप मोठ्या माणसांचे. मुलांना त्यांत घेऊ नये, वर्गात वजन मोठ्याने वाचू नये, 'जाड्या' ही हाक ऐकू आली तर तिथेच थांबवावी. वाढत्या वयात उपासमार करावयाची नसते. मुलांना खेळाचा तास हवा, आणि तो गणिताला उसना देऊ नये.

शेवटी मुख्य गोष्ट. प्रत्येक ग्रुपमध्ये असे होते की, कोणाचे तरी वजन पुन्हा वाढते. लग्नसराई येते, आजारपण येते, घरात दुःख येते. मग तो माणूस लिहिणे बंद करतो. लाजेने तो काटाही टाळतो आणि माणसेही. बाकीचे आपापल्या किलोंच्या आनंदात असतात. ग्रुपची खरी परीक्षा इथे आहे. ज्याचे पाच किलो उतरले त्याला टाळ्यांची फारशी गरज नाही. जो गप्प झाला त्याला हाकेची आहे. ती हाक सर्वांदेखत देऊ नये. मॉनिटरने त्याला वेगळा फोन लावावा, वजनाचे नाव काढू नये, आणि म्हणावे, 'उद्या सकाळी सहाला येशीवर या, बरोबर चालू.'

तेवढ्या एका हाकेने पुष्कळ गोष्टी सावरतात. आपल्या ग्रुपमध्ये गेल्या आठवड्यात कोण गप्प होते, ते आज एकदा पाहून घ्या.