बेचिराख (शब्द)

बेचिराख हे मराठीतील एक विशेषण असून ते फारसीतून आले आहे. 'बे' म्हणजे वाचून आणि 'चिराग' म्हणजे दिवा. त्यावरून 'जेथे दिवा लागत नाही असे' हा त्याचा मूळ अर्थ होतो. महसुली परिभाषेत ज्या गावात लोकवस्ती उरलेली नाही, त्यास 'बेचिराख गाव' म्हणतात.

अर्थ

'चिराग'चे मराठीत 'चिराख' असे रूप झाले. त्यात 'राख' हा शब्द ऐकू येत असल्याने 'जळून भस्म झालेले' हा अर्थ पुढे रूढ झाला. १९४५ मध्ये अणुबॉम्बने हिरोशिमा बेचिराख झाले, असे म्हणताना हाच अर्थ अभिप्रेत असतो. जुन्या दप्तरातील नोंदीला मात्र तो लावता येत नाही. गाव बेचिराख असल्याची नोंद म्हणजे ते जाळले गेल्याचा पुरावा नव्हे; तेथे दिवेलागणीला कोणी उरले नव्हते, एवढेच तीवरून कळते.

महसुली वापर

वस्ती उठली तरी महसुली गाव नष्ट होत नाही. त्याचे नाव, शीव व जमिनीचे गट क्रमांक कायम राहतात आणि जमीन बहुधा लगतच्या गावांतील शेतकरी कसतात. जनगणनेतही अशी गावे निर्जन म्हणून स्वतंत्रपणे नोंदली जातात. लढाया, लूटमार आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांमुळे खानदेशातील अनेक गावे ओस पडली होती. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला तेव्हा ती पुन्हा वसविण्याचा प्रश्न राज्यकर्त्यांपुढे होता. आजचा नंदुरबार जिल्हा याच खानदेशाचा भाग असून तो १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला.

बेचिराख आणि बुडीत

सरदार सरोवराच्या जलाशयामुळे नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. त्यांना 'बुडीत गावे' म्हणतात. हा शब्द 'बेचिराख'चा समानार्थी नाही. अनेक कुटुंबांचे पुनर्वसन तळोदे, शहादे इत्यादी तालुक्यांत झाले; परंतु मणिबेलीसारख्या गावांत काही कुटुंबे पाण्याच्या वरच्या डोंगरउतारावर राहिली. अशा गावाला बेचिराख म्हटल्यास तेथे राहणाऱ्या माणसांचे अस्तित्वच नाकारले जाते.

इतर शब्द व भाषा

'ओस' हा शब्द संस्कृत 'उद्वस' यापासून आला असून त्यात वास संपल्याचा भाव आहे. इंग्रजी 'डेझर्टेड' या विशेषणासाठी स्पॅनिशमध्ये संदर्भानुसार 'देसिएर्तो' (ओसाड), 'आबांदोनादो' (सोडून दिलेले) व 'देस्पोब्लादो' (वस्ती उठलेले) असे वेगवेगळे शब्द येतात. 'देस्पोब्लादो' हा शब्द नाम म्हणूनही उजाड गावासाठी वापरतात आणि तोच महसुली 'बेचिराख'ला सर्वांत जवळचा आहे. फरक इतकाच, की स्पॅनिश शब्द माणसे नसल्याचे सांगतो, तर फारसी शब्द दिवा नसल्याचे.